पॅकहाऊसची ४४ ड्रॉइंग, ए१ कागद आणि दोनशे मिलिमीटरची चूक

काम असं: नाशिकजवळ जानोरीच्या बाजूला द्राक्षांचं पॅकहाऊस आणि प्रीकूलिंग (पॅकिंगआधी माल थंड करायची खोली), शेड ६० मीटर बाय ३० मीटर. ड्रॉइंग आधीच्या ड्राफ्ट्समनने केलेली, तो मध्येच नोकरी लागून निघून गेला. माझ्याकडे आलं ते शीट लावून प्रिंट काढून देण्याचं काम. शरणपूर रोडला दोन टेबलांचं ऑफिस आहे, मी आणि आयटीआय करून आलेली एक ज्युनिअर. सॉफ्टवेअर ऑटोकॅड. असंच काम कुणाच्या गळ्यात पडलं तर उपयोग होईल म्हणून या नोंदी.

३ जून

पॅकहाऊसचे मालक, म्हणजे नाना, यांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "सगळं झालंय म्हणे, नुसत्या प्रिंटा मारायच्यात." मी पाच दिवस सांगितले. नोंदींच्या तारखा पाहिल्या की त्या पाच दिवसांचं काय झालं ते कळेल.

४४ फाइली. एकेक उघडून वहीत लिहून काढल्या. एकीतही लेआउट, म्हणजे छापायच्या कागदाचं पान, वापरलेला नाही. सगळं मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे खऱ्या मापात काढायच्या जागेत, आणि भोवती टायटल ब्लॉक (नाव-नंबरची चौकट) कुठे १०० पट, कुठे ५० पट, कुठे २० पट मोठा करून चिकटवलेला. प्रिंट काढताना विंडो ओढायची आणि 'फिट टू पेपर'वर टिचकी मारायची, अशी त्याची पद्धत. सात फाइलींत कागद चक्क लेटर साइझचा, साडेआठ बाय अकरा इंच. त्या फाइली इंचांच्या टेम्प्लेटमधून, म्हणजे एकॅड.डीडब्ल्यूटीमधून सुरू केलेल्या. आपल्याला लागतो एकॅडआयएसओ.डीडब्ल्यूटी.

आजचा सगळा दिवस वाचण्यात गेला, काम शून्य. पण ही यादी नसती तर पुढे दुप्पट गेला असता.

५ जून

आधी कागद, मग स्केल. मी उलट करायला निघालो होतो.

ज्युनिअर म्हणाली, "सर, ए२ घेऊ, स्वस्त पडेल." हिशेब केला. शेडची लांबी ६० मीटर, १:१०० ला कागदावर ६०० मिलिमीटर. ए२ ची लांब बाजू ५९४. विषय संपला. ए१ म्हणजे ८४१ बाय ५९४. डावीकडे फायलिंगला २० आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी सोडले की आत ८११ बाय ५७४ उरतात.

इथे पहिली अडचण आली. उजव्या बाजूला १८० मिमीची उभी टायटल पट्टी ठेवली की रुंदीत राहतात ६३१. प्लॅन ६०० चा, त्याला दोन्हीकडे ग्रिडचे गोल आणि मापांच्या रेषा मिळून किमान पन्नास हवेत. बसत नाही. १:१२५ करू का असं क्षणभर मनात आलं. तसं केलं असतं तर साइटवरच्या माणसांनी मला शिव्या घातल्या असत्या, त्यांच्या स्केलपट्टीवर १:१२५ असतं कुठे? मग पट्टी आडवी करून तळाला टाकली, ६० मिमी उंचीची. उंचीत ५१४ उरले, प्लॅनला ३०० लागतात, आरामात बसला. ड्रॉइंग नंबर मात्र उजव्या कोपऱ्यातच ठेवला, म्हणजे ए४ च्या आकारात घडी घातल्यावर नंबर वर दिसतो.

ए१ घेण्याचं आणखी एक कारण होतं. साइटवर ए१ कोणी उघडत नाही, वाऱ्यात फाटतो. हातात असतो ए३, आणि ए१ चा ए३ केला की लांबी बरोबर निम्मी होते. १:१०० चं १:२०० होतं, ही स्केल पट्टीवर सापडते. ए१ चा ए२ केला तर ७०.७ टक्के, म्हणजे १:१०० चं १:१४१. तो आकडा घेऊन मिस्तरी काय करणार?

९ जून

टेम्प्लेट तयार. चौकट खऱ्या मापाची, ८४१ बाय ५९४, लेआउटमध्ये शून्य-शून्यवर, एकास एक. प्लॉट स्केलही १:१. जे काही १:१०० किंवा १:२० व्हायचं ते व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे लेआउटवरच्या ज्या खिडकीतून मॉडेल दिसतं तिच्यात.

पीडीएफ काढली तर चौकटीची वरची आणि खालची रेषा गायब. डावी-उजवी शाबूत. तासभर लेअर (ड्रॉइंगचे थर) तपासत बसलो, प्लॉट बंद आहे का, रंग पांढरा आहे का. लेअरचा काही दोष नव्हता. पीडीएफच्या ड्रायव्हरमध्ये साधा 'आयएसओ ए१' निवडला की छापायच्या जागेला समास धरलेला असतो, बाजूंना सहाच्या आसपास आणि वर-खाली जवळजवळ अठरा मिलिमीटर. माझी चौकट काठापासून १० वर. बाजूंना वाचली, वर-खाली कापली गेली. लेआउटमध्ये जी तुटक रेघ दिसते ती हीच हद्द, आणि मी ती इतकी वर्षं शोभेची समजत होतो.

यादीत खाली 'आयएसओ फुल ब्लीड ए१' असतो, त्याला समास शून्य. तो घेतला, झालं. दुसरा रस्ता म्हणजे प्लॉटर कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन ए१ चे समास हाताने बदलणे. तोही करून पाहिला होता. त्याचं काय झालं ते १९ तारखेला.

१२ जून

युनिटचा घोळ. इमारतीची ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, सर्व्हेअरचा साइट प्लॅन मीटरमध्ये. मी शहाणपणा करून साइट प्लॅन १००० पट मोठा केला. संध्याकाळी सर्व्हेअरचा फोन, "भाऊ, माझे कोऑर्डिनेट कुठे गेले?" त्यांचं स्टेशन ज्या आकड्यांवर आहे तेच आकडे मी हजाराने गुणून टाकले होते, आणि आखणी त्यांना त्याच फाइलवरून करायची होती. सगळं मागे घेतलं. अर्धा दिवस पाण्यात.

बरोबर रीत: साइट प्लॅन मीटरमध्येच राहू द्यायचा. कागद मिलिमीटरचा, ड्रॉइंग मीटरचं, तर १:५०० साठी १००० भागिले ५००, म्हणजे व्ह्यूपोर्टमध्ये झूमला २एक्सपी (एक्सपी म्हणजे कागदाच्या हिशेबाने इतके पट). मिलिमीटरच्या ड्रॉइंगला १:१०० म्हणजे १/१००एक्सपी. दोन्ही फाइलींत इन्सर्शन युनिट नीट भरलेलं असेल तर एक्सरेफ, म्हणजे दुसरी फाइल संदर्भ म्हणून, जोडताना ऑटोकॅड गुणाकार आपला आपण करतं. आमच्या साइट प्लॅनमध्ये ते 'युनिटलेस' होतं, म्हणून पहिल्यांदा जोडला तेव्हा ६० मीटरच्या शेडशेजारी अख्खा प्लॉट शेंगदाण्याएवढा दिसत होता.

त्या सात इंचवाल्या फाइलींत तुटक रेषा सलग दिसत होत्या. मेजरमेंट व्हेरिएबल शून्य होतं, त्यामुळे लाइनटाइप (तुटक रेषांचे नमुने) इंचांच्या फाइलीतून उचललेले, म्हणजे २५.४ पट बारीक. व्हेरिएबल १ केलं, लाइनटाइप परत लोड केले, त्यांच्या स्केलची व्हेरिएबलंही १ केली: एलटीस्केल १, पीएसएलटीस्केल १. दिसायला लागल्या.

१५ जून

व्ह्यूपोर्ट लावण्याचं काम, दिवसाला दहा शीट. ४४ फाइलींची ४१ शीट झाली, काही डिटेल एकत्र आले.

नियम घालून घेतला: स्केल दिली की त्याच क्षणी व्ह्यूपोर्ट लॉक. हा नियम कशातून आला? आत डबलक्लिक करून एक टेक्स्ट सुधारायचा होता, हात माउसच्या चाकावर गेला, आणि १:१०० चं १:१०३ की काहीतरी झालं. डोळ्याला फरक कळत नाही. ज्युनिअरने खालच्या पट्टीत स्केल वाचली म्हणून सापडलं.

व्ह्यूपोर्टची चौकट छापली जाऊ नये म्हणून आधीच्या माणसाने ती डेफपॉइंट्स लेअरवर टाकली होती. चालतं, तो लेअर छापलाच जात नाही. पण त्याच्या हातून काढकामाला तोच लेअर निवडलेला राहिला आणि बेसप्लेटचे अँकर बोल्टही त्यावरच काढले गेले. पडद्यावर बोल्ट दिसतात, कागदावर नाहीत. आता चौकटींसाठी वेगळा लेअर केलाय, प्लॉट बंद करून. डेफपॉइंट्सवर काहीही काढायचं नाही, असं ज्युनिअरच्या टेबलावर चिठ्ठी लावून ठेवलं.

१९ जून

ज्युनिअरच्या मशिनवर तीच फाइल उघडली: प्लॉटरच्या जागी 'नन', आणि मजकूर फिकट पिवळा. तिच्याकडे माझी सीटीबी फाइल (कोणता रंग कसा आणि किती जाड छापायचा ते सांगणारी) नव्हती, त्यामुळे ज्या रंगाला मी काळं आणि ०.३५ जाडी नेमली होती तो आपल्या मूळ रंगात आला. प्लॉटर गायब, कारण माझी पीसी३, म्हणजे प्लॉटरच्या सेटिंगची फाइल, तिच्याकडे नाही. दोन्ही कॉपी केल्या. तरी चौकट कापलेलीच! इथे ९ तारखेचा उद्योग नडला. एका पेज सेटअपमध्ये (छापायच्या सेटिंगच्या संचात) मी हाताने बदललेल्या समासाचा ए१ ठेवला होता. ते बदल पीसी३ मध्ये नसतात, शेजारच्या पीएमपी फाइलीत असतात, आणि ती मी नेली नव्हती.

हाताने बदललेले समास काढून टाकले. फुल ब्लीड कोणत्याही मशिनवर तसाच असतो. दोन पेज सेटअप नावं देऊन टेम्प्लेटमध्ये ठेवले, एक ए१ चा, एक ए३ चा. जुन्या फाइलींत पीएसेटअपइन कमांडने ओढून घेतले. हे हाताने ४१ वेळा भरत बसलो असतो तर कुठेतरी चुकलंच असतं.

२२ जून

पहिला संच छापायला कॅनडा कॉर्नरच्या बाजूला. निवृत्तिनाथांची पालखी शहरात, रस्ते वळवलेले, पंधरा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास.

दुकानातल्या भाऊंकडून एक गोष्ट शिकलो. २४ इंची रोल म्हणजे ६१० मिमी रुंद. ए१ ची ५९४ ची बाजू रोलच्या रुंदीत बसते, लांबी ८४१ रोलबरोबर सुटते. माझी पीडीएफ आडवी, त्यांच्या मशिनने ती न फिरवता घ्यायची ठरवली आणि ३६ इंची रोल मागितला. भाऊ म्हणाले, "साहेब, फिरवून द्या, नाहीतर कागद फुकट जातोय आणि पैसे तुम्हीच देणार." फिरवली. ४१ शीट, दोन प्रती, ४० रुपयांप्रमाणे ३,२८०.

नानांसाठी पीडीएफही पाठवली. त्यांनी ती मुलाच्या ऑफिसात ए३ वर छापून साइटवर दिली. हे मला आठवड्याने कळलं.

२८ जून

साइटवरून फोन. निचऱ्याचं चॅनेल आणि प्रीकूलिंगच्या खोलीचा उंबरा जुळत नाहीत. खोदून पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) झालेलं.

गेलो. पाऊस, चिखल, गाडी हायवेजवळच ठेवून चालत. आबा मिस्तरींनी टेप धरला: कॉलमच्या मध्यापासून चॅनेलच्या मध्यापर्यंत सात मीटर. ड्रॉइंगप्रमाणे हवं ७ मीटर २० सेंटिमीटर. दोनशे मिलिमीटर अलीकडे, सरळ ओळीत, सुबक. आबांचं काम नेहमीच सुबक असतं.

"मोजूनच फक्की मारली साहेब," म्हणाले, आणि खिशातून घडी घातलेला ए३ काढला. त्यावर त्यांनी पट्टी ठेवून दाखवली. पस्तीस मिलिमीटर. १:२०० ला सात मीटर. मीही पट्टी ठेवली. पस्तीसच, किंचित कमी. भांडायला जागाच नव्हती.

२९ जून

कारण शोधलं. ए३ वर ७२०० चे व्हायला हवेत ३६ मिमी. कागदावर होते ३४.९. म्हणजे प्रिंट निम्मी नव्हती, निम्म्याच्या ९७ टक्के होती. पीडीएफ छापताना 'फिट' निवडलेलं. लेझर प्रिंटरला काठाचे चारेक मिलिमीटर छापता येत नाहीत, मग तो अख्खं पान तेवढं आवळून आत बसवतो. २९७ मधून दोन्हीकडचे मिळून आठेक गेले की ९७ टक्के. ज्याने छापलं त्याला यात काही वावगं दिसणार नाही, पान पूर्ण आलंय ना!

दोष माझा, आणि दोन ठिकाणी. एक, कॉलमपासून चॅनेलचं माप ड्रॉइंगवर दिलेलंच नव्हतं. चॅनेलची रुंदी, खोली, उतार, सगळं होतं, जागा नव्हती. जुन्या फाइलीत नव्हती आणि मी शीट लावताना भरली नाही, कारण माझं काम 'नुसत्या प्रिंटा' होतं ना. दोन, टायटल ब्लॉकमध्ये 'ड्रॉइंगवरून मोजू नये' असं बारीक अक्षरात लिहिलंय, ए३ वर ते भिंगातून वाचावं लागतं. आणि वाचलं तरी, माप नसेल तर माणूस मोजणारच. मी आबांच्या जागी असतो तर मोजलं असतं.

पीसीसी फोडणं, परत खोदाई, मजुरी: ९,६००. नाना काही बोलले नाहीत, नुसता आकडा सांगितला. निम्मे माझ्या बिलातून कापायला मीच सांगितलं.

४ जुलै

पाच दिवस दुरुस्त्या.

प्रत्येक शीटवर टायटल पट्टीच्या डोक्यावर मापाची पट्टी काढली: ए१ वर १०० मिमी लांब, दहा-दहाचे काळे-पांढरे घर. शेजारी मोठ्या अक्षरात 'ए१ वर १०० मिमी, ए३ वर ५० मिमी. जुळत नसेल तर प्रिंट परत करा.' ही पट्टी लेआउटमध्ये, व्ह्यूपोर्टच्या आत नाही. पहिल्यांदा मी ती मॉडेलमध्ये काढली होती, मग १:२० च्या शीटवर ती भलतीच लांब आली.

मापांची अक्षरं ३.५ मिमी होती. ए३ वर ती १.७५ होतात, ओल्या कागदावर आठ आणि सहा सारखेच दिसतात. सगळी ५ मिमी केली, ए३ वर अडीच. यात दोन पूर्ण दिवस गेले, कारण अक्षर वाढलं की मापं एकमेकांवर चढतात आणि मग एकेक हाताने सरकवायची. हे पहिल्याच दिवशी ठरवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. कंटाळून ज्युनिअरला म्हटलं, पाचऐवजी साडेतीनच ठेवू या. ती म्हणाली, "सर, मग आबांना परत पट्टी काढावी लागेल." गप्प बसलो.

ए३ साठीही पक्कं केलं: छापताना फिट नाही, कस्टम स्केल ५० टक्के. काठ कापला जाईल अशी भीती होती. कापला नाही: ए१ वर चौकट काठापासून १० मिमी, ए३ वर ५, आणि प्रिंटर सोडतो चारेक. जेमतेम सुटली. आता नानांना ए१ ची पीडीएफ पाठवतच नाही, ए३ वरच काढलेली वेगळी पीडीएफ पाठवतो आणि छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइझ' ठेवायला सांगतो.

मापं राहिलेली अजून कुठे आहेत हे शोधायला ज्युनिअरला मिस्तरी बनवलं. छापील शीट, पेन, आणि प्रश्न एकच: ही गोष्ट जमिनीवर आखायला तुला काय माहीत हवं? सोळा जागा सापडल्या. सोळा!

८ जुलै

शीट सेट मॅनेजर, म्हणजे सगळ्या शीट एकत्र सांभाळायचं ऑटोकॅडमधलं साधन. ४१ शीटचे नंबर आतापर्यंत हाताने लिहीत होतो, मध्ये एक शीट घुसवली की पुढचे सगळे बदला. आता नंबर, नाव, रिव्हिजन तिन्ही फील्ड, टायटल ब्लॉकमध्ये आपोआप. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, निचरा, इलेक्ट्रिकल असे चार गट. पब्लिश एकदा दाबलं की ४१ पानांची एक पीडीएफ, आणि पेज सेटअप ए१ हवा की ए३ ते तिथेच निवडता येतं.

एक गाढवपणा: फाइलींची नावं नीटनेटकी करावीत म्हणून विंडोजमधून बदलली. शीट सेटला एकही फाइल सापडेना. नावं परत जुनी केली. बदलायची असतील तर शीट सेटच्या आतूनच बदलायची.

१५ जुलै

नानांना प्रकल्पाचं नाव मराठीत हवं होतं. आधीच्या माणसाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. माझ्या मशिनवर ते इंग्रजी अक्षरांचा काला दिसत होतं. मंगल फॉन्टमध्ये परत टाइप केलं. वीस मिनिटं. या कामात एवढी एकच गोष्ट वेळेत झाली.

दुसरा संच: ए१ ची एक प्रत १,६४०, ए३ चे चार संच १,३१२. जुने सगळे कागद साइटवरून गोळा करून त्यांवर 'रद्द' मारलं. दोन सापडले नाहीत. एक सिमेंटच्या गोण्यांखाली अंथरलेला मिळाला, दुसरा बेपत्ता.

२२ जुलै

रेफ्रिजरेशनवाल्यांची तीन ड्रॉइंग आली, २४ बाय ३६ इंचाच्या कागदावर, स्केल पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८. ज्युनिअर म्हणाली ए१ वर बसवू. बसत नाही. तो कागद ६१० बाय ९१४, प्रमाण २:३, आपल्या ए मालिकेचं १:१.४१४. लांबी बसवायची तर ९२ टक्क्यांवर आणावं लागतं आणि १:४८ चं १:५२ होतं. तशी पट्टी बाजारात नाही.

त्यांच्याकडून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) मागवली आहे. आली की मिलिमीटरमध्ये घेऊन १:५० ला आमच्या शीटवर लावणार. तोवर ४१ वर थांबलोय, ४२ ते ४४ नंबर राखून.

आज साइटवर नवा ए३ संच दिला. आबांनी पहिलं पान उघडलं, खिशातून पट्टी काढून त्या काळ्या-पांढऱ्या घरांवर ठेवली, डोळा बारीक करून पाहिलं, आणि पान माझ्याकडे वळवलं. एकोणपन्नास. "साहेब, ही परत न्या."

शेवटचा संच ज्युनिअरने घाईत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढला होता.